निवडणूक, ऑनलाइन बातम्या आणि खालच्या कमेंटी: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

मी काही वर्षं एका जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या पोर्टलसाठी कमेंटी चाळायचं काम केलंय, म्हणजे शिवीगाळ उडवायची, कोण कुणाला धमकी देतंय ते बघायचं वगैरे. त्यामुळे निवडणूक आली की ओळखीपाळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

कमेंटी वाचून कळतं का कोण निवडून येणार?

नाही कळत. २०१९ ची लोकसभा आठवा. मनसेने एकही उमेदवार दिला नव्हता, पण राज ठाकरेंच्या "लाव रे तो व्हिडिओ" वाल्या सभांच्या क्लिपा अख्ख्या महाराष्ट्राने बघितल्या, आणि त्याखालच्या कमेंटी वाचून कुणालाही वाटलं असतं की भाजप-शिवसेनेचं आता काही खरं नाही. निकाल लागला तर ४८ पैकी ४१ जागा युतीला. पाच महिन्यांनी विधानसभेला मनसेने स्वतःचे उमेदवार उभे केले, आला फक्त एक.

दुसरं उदाहरण माझ्या जास्त लक्षात राहिलंय. जून २०२४ च्या शेवटी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये, आणि त्या बातमीखाली नुसती आग. "आमच्या टॅक्सचा पैसा", "मतं विकत घेताय का", "रस्ते करा आधी". हे लिहिणारे जवळपास सगळे पुरुष होते, आणि ज्यांच्या खात्यात पैसे येणार होते त्या बायका त्या वेळी सेतू केंद्राच्या नाहीतर बँकेच्या रांगेत कागदं घेऊन उभ्या होत्या. लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या वर गेली आणि नोव्हेंबरात महायुतीच्या तीन पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. फक्त योजनेमुळे झालं असं मी म्हणत नाही, बाकी कारणंही भरपूर होती, पण कमेंटी वाचून अंदाज बांधणाऱ्यांना हा अख्खा मतदार वर्ग दिसलाच नव्हता एवढं नक्की.

मग पावसातल्या सभेचं काय? ती तर व्हायरल झाल्यामुळेच चालली ना?

हा प्रश्न कायम येतो आणि तो बरोबर आहे. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा, शरद पवार भर पावसात बोलतायत, आणि तीन दिवसांनी २१ तारखेला मतदान. फोटो रात्रीतच सगळ्यांच्या स्टेटसला. साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले, श्रीनिवास पाटील मोठ्या फरकाने आले, राष्ट्रवादीचे ५४ आमदार आले.

पण माझ्या मते त्या फोटोने नवीन मत तयार नाही केलं. लोकांच्या मनात जे होतंच, म्हणजे पक्ष सोडून गेलेल्यांवरचा राग आणि म्हाताऱ्या माणसाबद्दलची सहानुभूती, त्याला एक चेहरा मिळाला, आणि घरात बसून राहणारा कार्यकर्ता बाहेर पडला. राज ठाकरेंच्या क्लिपांना टाळ्या भरपूर मिळाल्या पण मत टाकायला त्यांचं चिन्हच मशीनवर नव्हतं. हा फरक मोठा आहे आणि व्ह्यूज मोजताना तो दिसत नाही.

म्हणजे कमेंटींचा परिणाम होतच नाही म्हणायचं?

होतो की. फक्त तुम्हाला वाटतो तिथे नाही. एखादी कमेंट वाचून कुणी पक्ष बदलला असं मी फार कमी बघितलंय. बदलतं काय, तर "बाकीचे लोक काय विचार करतायत" याबद्दलचा आपला अंदाज. गावात आपण त्याला हवा म्हणतो. समोर पन्नास कमेंटी एका बाजूच्या दिसल्या की दुसऱ्या बाजूचा माणूस गप्प बसतो, तो गप्प बसला की पहिली बाजू अजूनच मोठी वाटते, मग अजून चार जण गप्प बसतात. जर्मनीतल्या एलिझाबेथ नोएल-नॉयमन या बाईंनी १९७४ साली हेच मांडलं होतं, इंटरनेट यायच्या कितीतरी आधी.

अजून दोन अभ्यास सांगतो कारण ते खरंच मजेदार आहेत. २०१३ मध्ये सायन्स मासिकात एक प्रयोग आला होता, त्यात एका साइटवरच्या कमेंटींना संशोधकांनी गुपचूप एक खोटा लाइक दिला. बस एकच. तर पुढे येणाऱ्या पहिल्या वाचकाने लाइक देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्के जास्त निघालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी एकच लेख दोन गटांना वाचायला दिला, एका गटाला खाली सभ्य कमेंटी आणि दुसऱ्याला शिवराळ. शिवराळ कमेंटी वाचणाऱ्यांची मतं आधी जिकडे झुकलेली होती तिकडेच अजून घट्ट झाली. लेख तोच होता, शब्दही तेच.

आता कळलं का, बातमी पडल्या पडल्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत "गुलाल आपलाच" लिहायला पोरं का टपून बसलेली असतात? वरची जागा धरायची असते त्यांना.

आणि मतदानाला बाहेर पडणं हा वेगळाच विषय. २०१० च्या अमेरिकन निवडणुकीत फेसबुकने सुमारे ६.१ कोटी लोकांवर प्रयोग केला, त्यात "तुमच्या या मित्रांनी मतदान केलं" असं फोटोसकट दाखवलं, त्यातून सुमारे ३.४ लाख जास्तीची मतं पडली असा हिशेब निघाला. आपल्याकडे शाई लावलेल्या बोटाचे सेल्फी सकाळी नऊपासून स्टेटसला येतात ना, ते काम साधारण असंच करतात.

या कमेंटी लिहितं कोण एवढ्या?

फार थोडे लोक. ऑनलाइन कुठेही शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण कधीमधी लिहितात आणि एकजण सतत लिहितो, असा एक जुना ढोबळ हिशेब आहे, आणि मी जेवढ्या कमेंटी चाळल्या त्यात मला याहून वेगळं काही दिसलं नाही. एका तालुक्याच्या बातमीखाली चारशे कमेंटी असल्या तरी मोजायला गेलं की तीस-चाळीस नावं निघतात, त्यातली निम्मी एकमेकांशीच भांडत असतात.

यात तीन प्रकारचे लोक. एक, उमेदवाराच्या वॉर रूममधली मुलं, ज्यांना ग्रुपवर लिंक येते आणि "सगळ्यांनी जाऊन कमेंट करा" असा निरोप येतो, काहींना पैसे मिळतात, काहींना फक्त साहेबांबरोबर फोटो. यांच्या कमेंटी ओळखता येतात, कारण स्पेलिंगची चूकसुद्धा सगळीकडे तीच असते. दोन, खरे चिडलेले किंवा खरे भक्त. आणि तीन, जे कुणी धरतच नाही, ते म्हणजे बाहेरगावी गेलेले. गाव परळीत, नोकरी चाकणला, मतदार यादीत नाव पिंपरीत, पण कमेंट मात्र परळीच्या बातमीखाली. कुणी दुबईत तर कुणी न्यू जर्सीत. यांचं प्रेम खरं असतं, राग खरा असतो, मत मात्र त्या मतदारसंघात नसतं. वातावरण बघायचं असेल तर यांना वजा करून बघा, बऱ्याच वेळा काही उरतच नाही.

आमच्या गावाच्या बातमीखाली लगेच आडनावावरून भांडण का सुरू होतं?

कारण फेसबुकवर नाव-आडनाव दोन्ही दिसतं आणि आपल्याकडे आडनावावरून जात ओळखायची सवय आहे, उघड बोलत नाही एवढंच. २०२४ ला बीड लोकसभेत हे फार वाईट पद्धतीने बघायला मिळालं. मराठा आरक्षणाचं आंदोलन ताजं होतं, समोर ओबीसींची प्रतिक्रिया, त्यात बजरंग सोनवणे विरुद्ध पंकजा मुंडे अशी लढत, आणि निकाल लागला साडेसहा हजारांच्या आसपास फरकाने. त्या काळात बीडच्या कुठल्याही बातमीखाली, अगदी पाण्याच्या टँकरच्या बातमीखालीसुद्धा, लोक कमेंट काय आहे ते वाचायच्या आधी आडनाव वाचायचे आणि मग ठरवायचे शिवी द्यायची की लाइक. मुद्दा काहीही असू दे. एखाद्याने आपल्याच उमेदवारावर टीका केली की "आडनाव बदलून टाक" हे ठरलेलं उत्तर.

पुढे २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नेमप्लेटवरून आडनावच काढलं, फक्त पहिलं नाव. ऑनलाइन तसं कोण करणार?

इथे परिणाम निवडणुकीपुरता राहत नाही हा खरा त्रास आहे. सभेत पुढारी जे बोलतो त्याहून वाईट भाषा कमेंटीत चालते, रोज वाचून ती सवयीची होते, आणि मग एक दिवस तीच भाषा चहाच्या टपरीवर ऐकू येते. मी टपरीवर हे ऐकलंय. निकाल लागून महिना झाला होता तेव्हा.

नुसती हेडलाइन वाचून पुढे पाठवलं तर काय बिघडतं? चुकलं तर ते दुरुस्ती देतातच की.

जून २०२४. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी जिंकले, राज्यात सगळ्यात कमी फरक. मतमोजणी केंद्रात एकाने मोबाइल वापरल्याचा गुन्हा दाखल झाला, हे खरं होतं. दहा-बारा दिवसांनी मुंबईतल्या एका इंग्रजी पेपरात छापून आलं की तो फोन ईव्हीएमला जोडलेला होता आणि ओटीपीने मशीन उघडलं. संपलं. त्याच दरम्यान इलॉन मस्कचं ईव्हीएम हॅक होऊ शकतं वालं ट्वीट फिरत होतं, राहुल गांधींनी ती बातमी शेअर करून मशीनला ब्लॅक बॉक्स म्हटलं, मराठी पोर्टलांनी तासाभरात भाषांतर करून लावली.

निवडणूक अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ईव्हीएम कशालाही जोडलेलं नसतं, त्याला ओटीपी लागतच नाही, ओटीपी होता तो आकडे भरायच्या एन्कोर नावाच्या सिस्टीमच्या लॉगिनचा. पेपरनेही चूक मान्य केली. पण ती दुरुस्ती किती जणांनी बघितली? मला अजूनही लोक विचारतात "ते ओटीपीचं पुढे काय झालं रे". मूळ बातमी राग आणते म्हणून धावते. दुरुस्ती वाचून कुणाला काही वाटतच नाही, त्यामुळे ती जागेवर बसून राहते.

बाय द वे, छापील पेपर सुटतो असं नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी दारात पडलेल्या पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी हेडलाइन, आणि हातातल्या मोबाइलवर फडणवीस-अजितदादांच्या शपथविधीचे फोटो. त्या दिवशी बऱ्याच घरांत आधी पेपरवर विश्वास ठेवला गेला आणि मोबाइलवरचं फेक समजलं गेलं.

पेड न्यूज म्हणजे नक्की काय, आणि ती अजून चालते का?

जाहिरात आहे पण बातमीच्या कपड्यात. महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण २००९ चं. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर पानंच्या पानं कौतुक छापून आलं, "अशोक पर्व" नावाने, एकच लेख वेगवेगळ्या पेपरांत शब्दशः तोच, आणि खर्चाच्या हिशेबात पेपरमधल्या जाहिरातींसाठी दाखवले होते ५,३७९ रुपये. चव्हाणांनी आरोप नाकारले, प्रकरण निवडणूक आयोग आणि कोर्टात वर्षानुवर्षं फिरलं, २०१४ मध्ये आयोगाचा आदेश दिल्ली हायकोर्टाने रद्द केला. उत्तर प्रदेशात मात्र उमलेश यादव या आमदार बाई २०११ मध्ये पेड न्यूजचा खर्च लपवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या.

आता स्वस्त झालंय सगळं. तालुक्याला पाच-सात यूट्यूब चॅनेलं, हातात बूम माईक, आणि पॅकेज. "जनतेचा कौल" नावाचा व्हिडिओ, ज्यात दहापैकी नऊ जण एकाच उमेदवाराचं नाव घेतात आणि दहावा "अजून ठरलं नाही" म्हणतो, म्हणजे खरं वाटावं. विधानसभेला उमेदवाराची खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, आणि सोशल मीडियावरच्या जाहिरातीसुद्धा त्यात धरायच्या असतात, त्यांना आधी माध्यम प्रमाणीकरण समितीची मंजुरीही लागते. पण कौतुकाचा व्हिडिओ "बातमी" म्हणून आला तर कोण मोजणार? ओळखायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा, त्या चॅनेलवर त्याच मतदारसंघातल्या दुसऱ्या उमेदवाराचं काही आहे का ते शोधा.

प्रचार संपल्यावर शेवटच्या दोन दिवसांत जे येतं ते कायद्याला धरून असतं का?

कायदा असा की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर सभा बंद, टीव्ही वगैरेवर प्रचार बंद. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. पण गंमत बघा, २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात पाच टप्पे होते, १९ एप्रिल ते २० मे. नागपुरात प्रचार बंद असताना बारामतीतली सभा लाइव्ह चालू, आणि मोबाइलला कुठे माहीत असतं तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात.

विधानसभेला तरी सगळं एकाच दिवशी होतं, २० नोव्हेंबरला. त्याच्या आदल्या दिवशी काय काय झालं? दुपारी विरारच्या हॉटेलात भाजपचे विनोद तावडे पैसे वाटतायत असा आरोप करत बविआच्या (बहुजन विकास आघाडीच्या) कार्यकर्त्यांनी त्यांना घेरलं, तासनतास लाइव्ह, तावडेंनी आरोप फेटाळले. रात्री लगेच बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याच्या आरोपाचं प्रकरण, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ऑडिओ क्लिपा बाहेर, भाजपने त्या पत्रकार परिषदेत वाजवल्या, सुळेंनी हा आपला आवाज नाही म्हणून तक्रार केली, फॅक्ट-चेक करणाऱ्यांना त्यात एआयने आवाज तयार केल्याच्या खुणा सापडल्या. पण हे सगळं तपासून होईपर्यंत लोक मत देऊन घरी आले होते. शेवटच्या रात्रीची क्लिप खरी की खोटी हे मतदानाच्या आधी कळायची सोयच नसते, आणि ती शेवटच्या रात्री येते ती त्याचसाठी.

संध्याकाळी ५८ टक्के आणि रात्री ६६, मधे मतं आली कुठून?

२०२४ च्या विधानसभेला पाच वाजताचा आकडा ५८.२२ होता आणि अंतिम ६६.०५. पाचचा आकडा म्हणजे अधिकाऱ्यांनी तोंडी किंवा ॲपवर कळवलेला अंदाज, तो मागे पडलेला असतो. मतदान सहापर्यंत, सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मत टाकू देतात. खरा आकडा फॉर्म १७-सी मध्ये, ज्याची प्रत केंद्रावरच्या प्रत्येक पक्षाच्या एजंटला मिळते. यावर हायकोर्टात याचिका झाली, २०२५ मध्ये फेटाळली गेली. माझं म्हणणं एवढंच की आयोग असलं काही समजावून सांगायला दिवसच्या दिवस घेतो आणि तेवढ्यात कमेंटवाले आपलं गणित मांडून मोकळे होतात.

एक्झिट पोलवर विश्वास ठेवायचा का?

करमणूक म्हणून बघा. २०२४ लोकसभेला बहुतेक जण एनडीएला ३५० च्या आसपास किंवा पुढे देत होते, आल्या २९३. मतदान चालू असताना आणि शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत ते दाखवायला बंदी असते (कलम १२६ अ, दोन वर्षांपर्यंत शिक्षा), त्यामुळे मतदानाच्या दिवशी दुपारी येणारा "लीक झालेला एक्झिट पोल" बघताक्षणी डिलीट करा.

व्हॉट्सॲपवर तर कमेंटच नसतात, मग तिथे काय?

तिथे कमेंटीचा स्क्रीनशॉट फिरतो. बातमी मागे राहते, "बघा हे लोक काय लिहितायत" एवढंच पुढे जातं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारलं, त्या अफवांच्या लाटेनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली, २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. दोन बाणांची खूण दिसली की तो मेसेज लिहिणारा तुमच्या काकांचा मित्र नाही हे काकांना सांगा. प्रेमाने सांगा, ग्रुपवर सगळ्यांसमोर नको, नाहीतर काका हट्टाने अजून दोन टाकतात.

कमेंट केली म्हणून पोलीस घरी येऊ शकतात का?

टीका केली म्हणून नाही येऊ शकत. २०१२ मध्ये पालघरला फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, त्यावर देशभर गदारोळ झाला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाने हे व्हायचं ते सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्दच केलं. पण निवडणुकीच्या काळात जात-धर्मावरून तेढ वाढवणारं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि उमेदवाराच्या वागण्याबद्दल निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून खोटं छापलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७५. "भ्रष्ट आहे असं लोक म्हणतात" लिहून सुटता येतं हा गैरसमज आहे.

खोटं दिसलं तर तक्रार कुठे करायची?

निवडणूक आयोगाची सी-व्हिजिल नावाची मोबाइलवरची सोय आहे, शंभर मिनिटांत कारवाई म्हणतात, पण त्यात फोटो-व्हिडिओ जागेवरच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही. म्हणजे पैसे-दारू वाटपाला ठीक, पोस्टसाठी उपयोग कमी. पोस्ट असेल तर लिंक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन जिल्हा निवडणूक कार्यालयाला मेल करा, १९५० ला फोन करा. पोस्ट उडायच्या आधी स्क्रीनशॉट, हे विसरू नका.

मग कमेंटी बंदच करून टाकाव्यात का?

पॉप्युलर सायन्स नावाच्या अमेरिकन मासिकाने २०१३ मध्ये केल्या होत्या, वर सांगितलेल्या त्या शिवराळ कमेंटींच्या अभ्यासाचा दाखला देऊन. मला नाही पटत. आमच्या पोर्टलवर एकदा आमदार साहेबांनी रस्ता पूर्ण केल्याची फोटोसकट बातमी लागली होती, दीडशे अभिनंदनाच्या कमेंटी, आणि मधेच कुणीतरी साधं लिहिलं होतं की हा फोटो पुलाच्या अलीकडचा आहे, पलीकडे जाऊन बघा. बातमीदार जाऊन बघून आला. पलीकडे खडी पडलेली होती, रस्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही ती बातमी नव्याने केली, आणि खाली पुन्हा दीडशे कमेंटी, बहुतेक त्याच नावांच्या, आता आम्हाला विकले गेलेले म्हणणाऱ्या.